स्कीइंगला जायचंय, सोबत दोन पोरं आणि सासू-सासरे: मुक्काम नेमका कुठं करावा?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही लातूरचे. टीव्हीवर ऑलिम्पिक पाहिल्यापासून थोरल्यानं (वय ११) स्कीइंगचा ध्यास घेतलाय. धाकटी (वय ७) दादा करील ते करणार. दर रविवारी विषय निघायला लागला, शेवटी ह्यांनी "बरं, जाऊ" म्हणून टाकलं. सोबत सासू-सासरे. मामंजींची बायपास झालेली आहे. तब्येत तशी ठणठणीत, पण थंडी सोसत नाही, लातुरात पारा बारावर आला की कानटोपी निघते. सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलंय, "मी काचेआडून बघीन, बर्फात पाय घालणार नाही."

ठिकाण बहुतेक गुलमर्ग. उत्तराखंडातली औली आणि मनालीही डोक्यात आहे. घोडं अडलंय मुक्कामावर. ट्रॅव्हलवाला म्हणतो श्रीनगरात राहा, हॉटेलं स्वस्त, रोज गाडीनं वर जा. ह्यांचे मित्र म्हणायलेत गुलमर्गच्या पायथ्याला टंगमर्गला राहा. मला वाटतं थेट वरच राहावं, पण वरच्या हॉटेलांचे भाव पाहून ह्यांचा चेहरा पडतो.

आम्ही शाकाहारी. गरम पाणी हवंच. मामंजींना जिना नको. तारखेचं म्हणाल तर यंदा अधिक महिना आल्यानं येळवस (वेळ अमावास्या) जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे आणि ती शेतात केल्याशिवाय घरातलं कुणी हलत नसतं. म्हणजे नाताळच्या सुट्टीत जाऊन घाईनं परत यायचं, नाहीतर सरळ जानेवारीअखेर निघायचं. जाऊन आलेल्यांनी सांगा.

दख्खनी_बोका

लातूरकरांना पाणी बघायची हौस समजू शकतो, पण गोठलेलं?

गोदातीर

बोकोबा, रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला, बर्फ बघायला मात्र जावंच लागणार. :)

ताई, ट्रॅव्हलवाल्याचं ऐकू नका. श्रीनगर ते गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर, उन्हाळ्यात दीड-दोन तासांचा रस्ता. हिवाळ्यात हा हिशेब टंगमर्गपर्यंतच खरा. तिथून वरचे तेरा किलोमीटर म्हणजे चढ, वळणं आणि बर्फ. ताजा बर्फ पडला की चाकांना साखळी लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच वर सोडतात. तुमची श्रीनगरची गाडी टंगमर्गात थांबणार. सामान उतरवा, दुसरी गाडी बघा, भाव करा. संध्याकाळी हेच उलट. सात वर्षांच्या लेकराला घेऊन रोज हे करणार का?

नुसतं फिरायला जाणाऱ्याचं एका दिवसात भागतं. गोंडोलात (रोपवेत) बसला, फोटो काढले, कहवा प्याला, परत. स्की शिकायची म्हणजे रोज सकाळी उतारावर हजर पाहिजे, आणि लेकरू दमलं की लगेच खोलीवर नेता आलं पाहिजे. ते कधी दमेल याचा नेम नसतो.

बुटांचं कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. स्कीचा बूट म्हणजे नडगीपर्यंत कडक प्लास्टिक आणि त्याला बकलं. घोटा हलत नाही. तो घालून सपाट रस्त्यावरही गुडघे वाकवून, टाच आधी टेकत चालावं लागतं. बर्फाळ पायऱ्या उतरायच्या तर एक हात कठड्यावर लागतो, आणि स्की तर दुसऱ्या हातात असतात. पोरांच्या स्की कोण उचलणार? बापच. म्हणून मी म्हणतो, वर राहा आणि वरसुद्धा कुठंही राहू नका. गुलमर्ग हे मोठं खोलगट मैदान आहे. गोंडोला स्टेशन एकीकडं, बाजार आणि गाड्यांचा तळ दुसरीकडं, मधलं अंतर साध्या बुटातही बऱ्यापैकी चालायचं. नवशिक्यांचे उतार गोंडोलाच्या पायथ्याशी आणि गोल्फच्या मैदानाकडं. बुकिंग करताना हॉटेलच्या फोटोतला झुंबराचा हॉल बघू नका, नकाशावर गोंडोलापासूनचं अंतर बघा.

तेरणेचा_पोरगा

गोदातीर दादा, सगळ्यांच्या खिशाला वरचं झेपत नाही हो. आम्ही टंगमर्गला राहिलो होतो. वरच्याच्या निम्म्या भावात मोठी खोली, घरमालकीण स्वतः राजमा-भात करून वाढायची. सकाळी टॅक्सी स्टँडवर गेलो की गाडी मिळायची. वर गुलमर्गात दिवे गेले तरी खाली होते. बर्फ जास्त पडला त्या दिवशी वर गेलोच नाही, पोरांनी अंगणात बर्फाचा गणपती केला. मजा आलीच की.

गोदातीर

मजा येणारच. पण ज्या दिवशी बर्फ पडतो, त्याच्या दुसऱ्या सकाळी स्कीला सगळ्यात चांगला उतार मिळतो, आणि नेमका तेव्हाच रस्ता तुंबलेला असतो. सगळा आटापिटा त्या एका सकाळीसाठी असतो, आणि तुम्ही टंगमर्गात साखळीवाल्याची वाट बघत बसणार.

टंगमर्गला नावं ठेवत नाही. आरिफ खान त्याच भागातला. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारताकडून एकटा तोच गेला होता, जायंट स्लॅलमला (स्कीची एक शर्यत) ४५ वा आला. पण त्याला गाडी शोधावी लागत नसेल.

नाडी_परभणी

डॉक्टर आहे म्हणून मध्ये बोलतो. ताई, सासऱ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना उंची सांगून विचारा. नुसतं "काश्मीरला जायलोत" म्हणू नका. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर आहे, गुलमर्ग २,६५० च्या आसपास. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला ३,१०० च्या जवळ नेतो आणि दुसरा अफरवाटला ३,९०० च्याही वर. ऑपरेशनला बरेच दिवस झालेत, चालताना धाप लागत नाही, अशा पेशंटला बहुतेक डॉक्टर गुलमर्गपर्यंत हो म्हणतात. दुसरा टप्पा मात्र त्यांच्यासाठी विषयच नाही. तिथं लहान पोरांनाही नेऊ नये असं माझं मत.

लातूरहून निघून त्याच दिवशी गुलमर्ग गाठू नका. पहिली रात्र श्रीनगरला काढा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, त्यात नवी उंची. वर गेल्यावर पहिला अर्धा दिवस आजोबांनी खोलीत बसून पत्ते खेळावेत.

आणि गरम खोलीबद्दल. बुखारी (लाकडाची शेगडी) असो की गॅसचा हीटर, बंद खोलीत पेटता ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आपल्याकडं बाथरूममधल्या गॅस गिझरनं माणसं जातात ती ह्याच वायूनं. कांगडी (निखाऱ्यांची टोपली) पांघरुणात घेऊन झोपायचा प्रयोग तर नकोच, पेटलं तर कळतही नाही.

मांजराकाठ

डॉक्टरसाहेब, धन्यवाद. मामंजींना वाचून दाखवलं. पत्त्यांचं त्यांना एकदम पटलं.

मग वर खोली गरम ठेवतात कशी? प्रत्येक हॉटेल "हीटिंग आहे" एवढंच लिहितं.

गोदातीर

तिथंच खरी मेख आहे. "हीटिंग आहे" याचा अर्थ सेंट्रल हीटिंगपासून गादीवर टाकलेल्या विजेच्या ब्लँकेटपर्यंत काहीही होतो. ब्लँकेटनं अंथरूण छान तापतं, पण बाथरूमला जायला उठलात की दात वाजतात. मोठ्या हॉटेलांत सेंट्रल हीटिंग असतं. काही जुन्या इमारतींत हमाम असतो, दगडी फरशीखाली जाळ घालून खोली तापवतात. मला विचाराल तर त्या उबेला तोड नाही, पण सगळीकडं मिळत नाही.

फोन करून सरळ विचारायचं: खोली रात्रभर गरम असते का ठरावीक तास? वीज गेली तर जनरेटरवर फक्त दिवे चालतात का हीटिंगही चालतं? बाथरूममध्ये हीटर आहे का? गरम पाणी नळाला येतं का बादलीनं? उत्तर देणारा "सब हो जाएगा सर" म्हणाला की समजून जायचं. जो तास सांगतो त्याचं ऐकावं.

अजून एक, ओले हातमोजे आणि बूट वाळवायची सोय विचारा. पोरं दिवसभर पडतात, सगळं ओलं होतं, आणि सकाळी ओल्या हातमोज्यात बोटं घालायला लेकरू तयार होत नाही. चांगल्या ठिकाणी वेगळी उबदार खोली असते त्यासाठी. आम्ही जिथं उतरलो तिथं नव्हती, तर बायकोनं जादा हातमोज्यांचे जोड नेले होते म्हणून भागलं.

हुरडा_आणि_चटणी

जेवणाचं विसरला सगळे! गुलमर्गात शाकाहारी ढाबे आहेत, पर्यटक खूप येत असल्यानं पनीर-रोटीची ददात नाही. फक्त संध्याकाळी अंधारात, बर्फातून म्हाताऱ्या माणसांना बाहेर जेवायला न्यायचं अवघड. म्हणून दोन वेळचं जेवण धरून खोली घ्या. धपाटे आणि शेंगाची चटणी बरोबर ठेवाच. चटणी सहा दिवस सहज टिकते. त्या थंडीत महिनाभर टिकेल.

मांजराकाठ

धपाट्याचं पीठ भिजवायला सासूबाईंनी आत्ताच डबा काढून ठेवलाय, जायला अजून कितीतरी महिने आहेत!

बिंदुसरा

औलीबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहायलो. आम्ही गेलो होतो. नंदादेवी समोर, सासूबाईंना काचेआडून बघायला यापेक्षा भारी काही नाही. शिवाय खाली जोशीमठला नरसिंह मंदिर, हिवाळ्यात बद्रीनाथ बंद असल्यावर शंकराचार्यांची गादी तिथं असते. देवदर्शनही झालं.

पण मुक्काम वर औलीतच करायचा. जोशीमठला जमीन खचली तेव्हा, २०२३ च्या जानेवारीत, तिथून औलीला जाणारा रोपवे बंद पडला. त्यामुळं खाली राहून झुलत वर जायचं ही जुनी युक्ती गेली. रस्त्यानंच जावं लागतं. वर गढवाल मंडळाचं (जीएमव्हीएन) विश्रामगृह उताराला लागूनच आहे, तेच स्कीचे कोर्सही चालवतात. एकाच ठिकाणी झोपणं, जेवणं, शिकणं.

अडचण रस्त्याची आहे. ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटरच्या वर, सगळा घाट, पूर्ण दिवस जातो. बायपासवाल्या माणसाला सलग इतका वेळ बसवायचं का, ते डॉक्टर सांगतील.

नाडी_परभणी

बसवू नये. मध्ये एक मुक्काम करा, तासा-दीड तासानं उतरवून चालवा. पण मग येऊन-जाऊन चार दिवस रस्त्यातच गेले.

रिकामटेकडा_संभाजीनगर

मनाली सोपी पडती की हो. सोलंग तेरा-चौदा किलोमीटरवर. अर्ध्या तासाची स्की करायची, भाड्याचा सूट घालायचा, व्हिडिओ काढायचा, पोरगं खूश.

गोदातीर

अर्ध्या तासात स्की होत नाही, फोटो होतो. सोलंगला नीट शिकता येतं, मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी संस्थेचे कोर्स होतात तिथं. पण मुक्काम मॉल रोडला केलात तर सोलंगच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या रांगेत अर्धा दिवस जाईल, आणि जोराचा बर्फ पडला की साध्या गाड्या नेहरू कुंडालाच अडवतात. शिकायचंच असेल तर बुरुवा-पलचान बाजूला राहा. मॉल रोड सोडायला मन होत नसेल तर स्कीचं नाव काढू नका, सुखानं अटल बोगद्यातून सिस्सूला जाऊन या.

जालन्याची_लेक

मी सध्या म्युनिकला असते. आमच्याकडून ऑस्ट्रियाचे डोंगर जवळ, हिवाळ्यात सगळे तिकडंच. तुमचा प्रश्न अगदी ओळखीचा वाटला. इथंही उताराला लागून असलेलं महाग हॉटेल आणि दरीतल्या गावातलं स्वस्त घर यात हीच भांडणं होतात. फरक एवढाच की इथं बऱ्याच खोऱ्यांत लिफ्टचा पास असला की स्कीबस फुकट, वेळेवर येते, म्हणून दरीत राहणाऱ्याचं अडत नाही. लेकरासाठी वेगळी स्की-शाळा, आई-बाप दिवसभर मोकळे. आम्ही स्वयंपाकघर असलेलं घर घेतो, पिठलं-भात करतो. मात्र बुकिंग शनिवार ते शनिवार, मधले दोन दिवस मागितले तर कुणी देत नाही.

गुलमर्गला तशी बस नाही, म्हणजे गोदातीर दादांचं बरोबर आहे. जिथं लिफ्टपर्यंत नेणारी सोय भरवशाची नाही, तिथं अंतरासाठीच पैसे मोजावेत. मागच्या वेळी भारतात आले तेव्हा भाचीला गुलमर्गला नेलं होतं. मी तिच्यासाठी मास्तर आधीच, नाव विचारून ठरवला होता. हॉटेलवाल्यानं दारात उभा केलेला घेतला नाही.

गोदातीर

मास्तरचं लाखमोलाचं. पर्यटन खात्याचा परवाना असलेला बघा. थोरल्याला आवडलंच तर पुढं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनीअरिंग आहे गुलमर्गातच, केंद्र सरकारची. पण पहिल्यांदा पायथ्याच्या उतारावरच दोन-तीन दिवस घालवा. दुसऱ्या टप्प्यावरून खाली येणं नवशिक्याचं काम नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवाटला हिमस्खलनात दोन परदेशी स्कीवाले गेले, २०२४ ला पुन्हा एक. ते सरावलेले लोक होते.

मांजराकाठ

म्हणजे वर, गोंडोलाजवळ, जेवणासकट. ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "हिशेब करा." केला. सगळ्यांनी सगळे दिवस वर राहिलो तर फारच होतं. आणि सासूबाईंच्या बहिणीनं पहलगामचं काढून त्यांना घाबरवलंय ते वेगळंच.

बिंदुसरा

भीती वाटणारच, त्यात काही चूक नाही. एप्रिल २०२५ नंतर कोण निर्धास्त जाईल? जायच्या आठवड्यात बातम्या आणि सरकारी सूचना बघून ठरवा, आणि त्यासाठी पैसे परत मिळणारं बुकिंगच करा. सासूबाईंना जबरदस्ती नको.

तेरणेचा_पोरगा

खर्चावर माझा एक तोडगा. सहाजणांनी सगळे दिवस वर कशाला? आजी-आजोबांना बर्फ बघायला दोन रात्री पुरे होतात.

नाडी_परभणी

पण मग त्यांना श्रीनगरात एकटं ठेवू नका. चिल्लई कलानचे, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत. त्या काळात श्रीनगरही रात्री शून्याखाली असतं, नळ गोठतात. श्रीनगर खाली आहे म्हणून उबदार असेल हा समज चुकीचा. हाउसबोट बाहेरून छान दिसते, पण जानेवारीत या वयाच्या माणसांना मी झोपायला पाठवणार नाही. पक्क्या इमारतीतली तापवलेली खोली घ्या.

गोदातीर

मग असं करा. सगळ्यांनी श्रीनगरला एक रात्र. मग सगळे मिळून वर. दोन दिवसांनी दादा (तुमचे मिस्टर) आई-वडलांना घेऊन खाली उतरतील, तुम्ही आणि पोरं एका खोलीत वर राहाल. म्हणजे महाग खोल्या दोन दिवसच दोन, पुढं एकच. शिकायचे खरे दिवस पोरांना मिळाले आणि म्हाताऱ्यांसोबत माणूसही राहिलं. फक्त त्या दोन रात्रींची खोली तळमजल्याला मागा, वरची हॉटेलं लाकडी जिन्यांची असतात.

तारखेचं, नाताळ विसरा. डिसेंबरात बर्फ पुरेसा असेलच असं नाही आणि भाव मात्र चढेच असतात. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग अर्धा महिना कोरडं होतं, फोटो व्हायरल झाले होते. २०२५ ला तर खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले, बर्फ नव्हता म्हणून. येळवस करा, मग जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बघा. २६ जानेवारीच्या मागंपुढं श्रीनगरात तपासणी कडक असते, तो दिवस प्रवासात येऊ देऊ नका.

रिकामटेकडा_संभाजीनगर

जायचं कसं? आमच्या चिकलठाण्याहून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर. बर्फात विमानं रद्द होतात हे धरून चाला.

गोदातीर

म्हणून परतीला एक दिवस मोकळा ठेवा. आता कटऱ्याहून थेट श्रीनगरपर्यंत वंदे भारत सुरू आहे, २०२५ च्या जूनपासून. विमान रद्द झालं तर तो मार्ग आहे, जम्मू-श्रीनगर रस्ता रामबनला अडकला तरी. नांदेडकरांना सचखंड घरची गाडी, अमृतसर दर्शन करून पुढं जाता येतं. पण ज्येष्ठ मंडळींना घेऊन मी जाताना विमानच घेईन.

मांजराकाठ

ठरलं बहुतेक. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. थोरल्याच्या वर्गशिक्षिकेला आधीच सांगून ठेवणार. गोदातीर दादांची वाटणी ह्यांना पटली. मी म्हटलं होतं खाली मी जाईन, पोरांजवळ तुम्ही राहा. तर म्हणाले, "आईला सांभाळणं जमेल, ते बूट घालायला नाही जमायचं." म्हणजे स्की उचलायच्या मलाच.

आज गोंडोलाजवळच्या तीन हॉटेलांना फोन केले. एकानं "सब हो जाएगा मॅडम" म्हटलं, तिथंच खोडला. दुसऱ्याकडं जिन्याशिवाय खोलीच नाही. तिसऱ्यानं सांगितलं, संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ सेंट्रल हीटिंग, दुपारी बंद, वीज गेली तर जनरेटरवर चालतं, बूट वाळवायची खोली आहे. तळमजल्याची एक खोली दोन रात्रींसाठी धरून ठेवतो म्हणाला. पैसे परतीची अट लेखी मागितलीय.

नाडी_परभणी

दुपारी बंद म्हणजे आजोबांचे पत्ते नेमके त्याच वेळेला. जादा हीटर मागून ठेवा, विजेचा.

तेरणेचा_पोरगा

आणि मोबाईल! बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. तुम्ही वर, दादा खाली, फोन बंद असला तर पंचाईत. निदान दोघांचे तरी आधी बदलून घ्या.

मांजराकाठ

हौ, हे तर डोक्यातच नव्हतं. आमचे सगळ्यांचे प्रीपेड आहेत. उद्याच दुकानात जाते.